अंड्यावरची तारीख

ठमी पंधरा दिवस अंडं देत नव्हती.
म्हातारी झाली, शरयू म्हणाली,
नाहीतर लू लागली असेल.
मे महिन्यात ग्वाल्हेरात माणसंही
पाण्याच्या ग्लासाखेरीज एकमेकांना काही देत नाहीत.

मग सोयरा ओरडली अंगणातून:
बंद पडलेल्या स्कूटरच्या ताडपत्रीखाली
अकरा अंडी,
तपकिरी, एकमेकांना चिकटून,
एकावर वाळलेली शीट, एकाला केसाएवढी चीर.

म्हणजे ठमी रोज कामावर होती.
हजेरी तेवढी आमच्याकडे लावत नव्हती.

प्रश्न माझ्याकडे आला.
तीस वर्षं मी वजनमापे खात्यात काढली,
दालबाजारात तराजूची दांडी डोळ्यांसमोर धरून,
किलोच्या बुडातलं शिसं नखानं उकरून.
शिक्का मारला की माप खरं.
घरात अजून समजतात
की खऱ्याखोट्यातलं मला कळतं.

पण यातलं पहिलं कोणतं, काल सकाळचं कोणतं?
आणि पंचेचाळीस अंशांत, ताडपत्रीखाली
एक दिवस म्हणजे किती दिवस
याचं कोष्टक खात्यानं कधी पाठवलं नव्हतं.

फेकून द्या सगळी, शरयू म्हणाली.
नफीसाबी, ज्यांच्याकडून ठमी आली,
भिंतीवरून म्हणाल्या, "पानी में डालो, भाईसाहब,
अंडा खुद बता देगा."
आणि वळता वळता, ठेवायची ती धुऊ नका म्हणाल्या,
धुतलेलं अंडं उघडं पडतं.

चिरेचं अंडं बादलीपर्यंत पोचलंच नाही.
चिरेतून आत काय गेलं
ते पाणी सांगत नाही.

बाकीची एकेक करून सोडली.
सहा तळाशी आडवी झाली,
जेवून लवंडावं तशी.
दोन तरंगली, निर्लज्जासारखी;
ती न फोडता लिंबाखालच्या खड्ड्यात.
उरलेली दोन
टोक तळाला टेकवून उभी राहिली.

उभीच.
उशिरा आलेल्या पोरांना दारात थांबवावं तशी,
ना बुडेनात, ना वर येईनात.
आमच्या खात्यात असं नव्हतं.
काटा या बाजूला, नाहीतर त्या.

रात्री वीज गेली तेव्हा टॉर्च घेतला.
मुठीत अंडं, मुठीखाली उजेड.
पहिल्यात पिवळसर धुकं, वर मोठी रिकामी खोली.
हे कडक उकडलं तर चालेल, मी म्हणालो,
आणि माझाच आवाज मला जरा हलका लागला.

दुसऱ्यात
लाल दोरे.
एका काळ्या ठिपक्यापासून निघालेले,
कुणी नकाशात नद्या काढायला
नुकती सुरुवात केल्यासारखे.

नफीसाबींचा कोंबडा भिंत ओलांडतो
हे आम्हाला माहीत होतं, हिशेबात धरलं नव्हतं.
ठमी तर बसली नव्हती त्यावर.
मे महिना बसला होता.

सोयरानं विचारलं, आजोबा, हे चांगलं की खराब?
मी टॉर्च बंद केला.

परत ठेवलं ताडपत्रीखाली.
ठमीला उचलून वर बसवलं;
ती उठली आणि स्कूटरच्या सीटवर जाऊन झोपली.

सकाळी टरफलाचे दोन तुकडे.
मुंगूस.
त्याला ना बादली लागली, ना टॉर्च.

सहा अंड्यांची भुर्जी झाली.
शरयूनं प्रत्येक आधी वाटीत फोडलं,
नाकाशी नेलं, मगच कढईत.
उकडलेलं मी एकट्यानं खाल्लं,
मीठ जास्त घालून,
आणि संध्याकाळपर्यंत पोटावर कान ठेवून होतो.
काही झालं नाही.

आता सोयरा रोज ताडपत्री उचलते,
पेन्सिलनं अंड्यावर तारीख घालते.
परवाच्या अंड्यावर, शाळेच्या घाईत असेल,
तिनं नुसतं लिहिलंय
आज.